दोनदा वाचलेलं पत्र

अम्मा, "डोळा पुढं जाऊ दे, जीभ मागून येते," असं तुम्ही मला म्हणाला होतात. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरातलं तुमचं स्वयंपाकघर, चुलीवर आमच्याच म्हशीचं दूध तापत होतं, आणि मी एका शब्दावर बोट रोवून बसले होते, पुढे सरकायला तयार नव्हते. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आज मला चव्वेचाळिसावं लागलं आहे. जिंतूरच्या शाळेत मी मुलींना वाचायला शिकवते, आणि वाचनाच्या तासाला हे वाक्य एकदा तरी माझ्या तोंडून निघतंच. ते कुणाचं आहे हे मी कधी कुणाला सांगत नाही. सांगायला गेलं तर बरंच सांगावं लागेल, आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती आधी तुम्हाला कळायला हवी होती.

तुम्ही आमच्या घरात आलात त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी. ताडकळसच्या रस्त्याला, स्टेशनपासून कोसभरावर आमची वस्ती. माय दोन दिवस अडलेली, गावच्या सुईणीनं हात टेकले होते, आणि आबा बैलगाडी जुंपून रेल्वेच्या दवाखान्यात गेले. तुम्ही तिथल्या नर्स, पण रेल्वेच्या माणसांखेरीज दुसऱ्या कुणाकडे जायचा तुम्हाला हुकूम नव्हता. तुम्ही आलात. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात एवढासा क्रूस. आमच्या बायांनी आधी नाकं मुरडली. पण तुम्ही मायेपाशी बसून जे बोलू लागलात ते ऐकून त्या गप्पच झाल्या, कारण तुम्ही आमच्यासारखंच बोलत होता. "दम धर गं माय. घाबरू नको. आता सोड." तुमचं मराठी हे सगळं बाळंतिणींकडून शिकलेलं होतं. दम धर, सोड, जोर लाव, झालं आता, ही तुमची पहिली वाक्यं, आणि बाकीची भाषा तुम्ही त्यांच्याभोवती बसवली होती. पोरगा-पोरगी, आला-आली यांत तुमचा कायम घोळ व्हायचा. "दूध आली का?" असं तुम्ही विचारायचात, आणि मी घरी जाऊन तुमची नक्कल करायचे, हेही सांगून टाकते.

माय वाचली. त्या दिवसापासून तुमच्या घरचं दूध मीच आणायचं असं आबांनी ठरवलं. बाईच्या दुधात पाण्याचा थेंब पडला तर हात झडतील, असं ते म्हणायचे. मुलींच्या शाळेतल्या चार यत्ता मी संपवल्या होत्या, त्याही निम्म्या उर्दूतून, आणि पुढे शिकायचं तर परभणी गाठावी लागली असती. तो विषय आमच्या घरात कुणी काढतच नव्हतं. सकाळी चरवी घेऊन निघायचं, रूळ ओलांडायचे, यार्डातल्या इंजिनांना वळसा घालायचा आणि तुमच्या दारात उभं राहायचं. पॉण्डिचेरीची नर्सबाई, असं सगळी कॉलनी तुम्हाला म्हणायची. तुमचे मालक रेल्वेत गार्ड होते, ते गेल्यावर तुम्ही इथंच राहिलात. मुलगा तिकडे, पॉण्डिचेरीला, तुमच्या बहिणीकडे वाढला, फ्रेंचांच्या शाळेत शिकला, फ्रेंचांच्या पलटणीत गेला आणि बोटीत बसून निघून गेला. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं.

तुमचे डोळे गेले आहेत हे मात्र मला एकटीलाच ठाऊक होतं. म्हणजे अगदी गेले नव्हते. माणूस आला-गेला कळायचा, दारातला उजेड कळायचा. बाळंतपण तुम्ही बोटांनी करायचात, त्यासाठी डोळे लागत नाहीत असं तुम्हीच म्हणायचात, म्हणून दवाखान्यात कुणाला पत्ता लागला नव्हता. पण एके दिवशी उतू गेलेलं दूध तुम्हाला दिसलं नाही, वासावरून कळलं, आणि मी बघतेय हेही तुम्हाला कळलं. दुसऱ्या दिवशी निळ्या नाडीनं बांधलेला पत्रांचा एक गठ्ठा आणि एक फाटकं व्याकरणाचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलंत आणि विचारलंत, "इंग्रजी ए-बी-सी येतो का?" शाळेत शिकलेली तेवढी येत होती.

लढाई सुरू झाल्यापासून मुलाचं पत्र नव्हतं. ते कधीतरी येईल, आणि आलं तर फ्रेंचमध्ये येईल, कारण त्याला तमिळ लिहिता येत नव्हतं. अख्ख्या परभणी जिल्ह्यात फ्रेंच वाचणारं माणूस नाही. सिकंदराबादेला एक पाद्री होते. त्यांना पत्र पाठवायचं, त्यांनी ते इंग्रजीत करून धाडायचं, मग इथल्या कंपाउंडरनं ते वाचून हिंदुस्तानीत सांगायचं. तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत. आधी पाद्री, मग कंपाउंडर, शेवटी तुम्ही. "माझ्या लेकराचा पत्र मी सगळ्यांच्या पाठीमागून का ऐकायचा?" म्हणून तुम्ही मला वाचायला शिकवणार होतात. समजायला मात्र नाही. ते तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट केलंत: तोंड तुझं, अर्थ माझा.

मला याचा राग यायचा. मला वाटायचं, ही मला अडाण्यात काढते. पण तक्रार करण्यासारखंही काही नव्हतं, कारण आमच्या गावात जोशीबुवांचा मुलगा अर्थ न कळता संथा म्हणायचा आणि लोक त्याला कौतुकानं सुपारी द्यायचे. तसं हे, असं मी मनाशी म्हटलं आणि बसले.

मग ते महिने. आता आठवते तेव्हा सगळं सकाळच्या उजेडातच दिसतं. तुम्ही पाटावर, पाठ भिंतीला. हातात काडेपेटी. मी एकेक क्रियापद चालवते आहे आणि प्रत्येक तुकड्याला तुम्ही काडेपेटी जमिनीवर टेकवता. नू पार्-लों, दोन टिचक्या क्रियापदाच्या. वू पार्-ले, पुन्हा दोन. मी, तू, तो, ते, या चार जागी मात्र लिहायचं वेगवेगळं आणि बोलायचं एकच, पार्ल, फक्त पार्ल. शेवटची अक्षरं कागदावर बसलेली असतात, पण त्यांना हाक मारायची नाही. मला ते जमायचंच नाही. आपल्याकडे लिहिलेल्या अक्षराला कुणी असं उपाशी ठेवत नाही. मी हटकून 'पार्लेन्त' म्हणायचे आणि काडेपेटी थांबायची. "सोड," तुम्ही म्हणायचात, अगदी बाळंतिणीला म्हणावं तसं. "शेवटाला जोर नको लावू. सोड." ते क्रियापद म्हणजे बोलणं, हे मला पुढे वीस-एक वर्षांनी औरंगाबादच्या एका वाचनालयात शब्दकोश चाळताना कळलं.

उच्चारांनी माझी फार त्रेधा उडवली. एक गंमत मात्र झाली. आमच्या उर्दू शाळेत तीन नुक्त्यांचं एक अक्षर होतं, ते मास्तरीणबाईंनाही धड म्हणता यायचं नाही, आणि ज्याच्यात ते येतं असा शब्दही कुणाच्या घरात नव्हता. तुमच्याकडे आल्यावर कळलं की ते फ्रेंचांच्या 'मी'मध्येच बसलं आहे, आणि 'मी' तर प्रत्येक क्रियापदाच्या तोंडाशी. उर्दूतला घशातला ग़ तुमच्या र-ला कामी आला. राहिला तो 'तू'. ओठ शिट्टीला करायचे आणि आतून ई म्हणायचं. मी ते घरी, गोठ्यात, शेण भरताना घोकत होते, आणि चुलती दारात येऊन उभी राहिली. पोरीच्या जातीनं शीळ घातली की घरात साप येतो, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक. "काय गं, शीळ घालायलीस? मडमीण व्हायलीस का आता?" आणि पाठीत धपाटा. मी म्हटलं, "काकी, शीळ न्हाई, ते तू हाय." "मला तू म्हणायलीस?" दुसरा धपाटा. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की काडेपेटी हातातून पडली आणि काड्या सगळीकडे पसरल्या. त्या मीच वेचल्या. तुम्हाला हसताना मी पाहिलं ते तेवढंच, म्हणून काड्यासुद्धा लक्षात आहेत.

शब्द एकमेकांत अडकतात हे तुम्ही मला खिडकीतून शिकवलंत. यार्डात शंटिंग चालू होतं. इंजिन डबा ढकलायचं, डबा दुसऱ्यावर आदळायचा, आणि मधला माणूस आकडा अडकवून बाजूला व्हायचा. तुम्ही म्हणालात, ऐक, शब्द असाच जुळतो. इल, ए, आरीव्हे, हे तीन डबे, पण म्हणताना इ-ले-ता-री-व्हे. पहिल्याचा ल दुसऱ्यानं ओढला. दुसऱ्याचा मुका त तिसऱ्यानं जागा केला. पण तो त नेहमी जागा होत नाही. पुढच्या शब्दाचं तोंड उघडं, म्हणजे स्वराचं, असेल तरच. बंद असेल तर त झोपलेलाच राहू द्यायचा. मला त जागा करायची खोडच लागली होती, कुठेही त लावायचे. तेव्हाच तुम्ही ते म्हणालात. डोळा पुढं जाऊ दे. पुढचा शब्द आधी बघितल्याशिवाय मागचा म्हणता येणार नाही. आणि थांबायचं तर मुळीच नाही. "तू थांबला की मी घाबरणार. पत्रात काय हाय ते ऐकायच्या आधी घाबरणार. म्हणून थांबायचा नाही."

सरावाला मुलाची जुनी पत्रं होती. ती तुम्हाला तोंडपाठ होती, त्यामुळे न बघता माझी चूक कळायची. त्याचं अक्षर गोल, शाळकरी. प्रत्येक पत्राच्या तळाशी तेच दोन शब्द, व्होत्र फीस. तुमचा मुलगा. अर्थ तुम्ही सांगितला नव्हता, पण इतक्या वेळा एकाच जागी पाहिल्यावर आणि ते वाचलं की तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पाहिल्यावर कोण शिकणार नाही? ते दोन शब्द मी चोरून शिकले. पत्र बिनचूक वाचलं की तुम्ही डब्यातून खडीसाखरेचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवायचात.

तिसरा शब्द मी चोरला नाही, तो तुम्ही दिलात. एका फायरमनच्या बायकोचं पहिलटकरपण होतं. त्या सकाळी मी आले तर तुम्ही नुकत्याच तिथून परतला होता आणि मोरीत हात धूत होता. साबण लावायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. मी म्हटलं, आज राहू दे. तुम्ही म्हणालात, नाही, बस. आणि पुस्तक न उघडता तुम्हीच म्हणायला लागलात, टिचक्या देत, इ-ले-ने, इ-ले-मोर, पुन्हा इ-ले-ने, इ-ले-मोर. मी तुमच्यामागून म्हटलं. शेवटचा शब्द आपल्या रानातल्या मोरासारखाच, फक्त र घशात विरलेला. मला गंमत वाटली आणि मी विचारलं, "अम्मा, हे काय हाय?" त्या एका दिवशी तुम्ही तुमचा नियम मोडलात. फायरमनच्या क्वार्टराकडे हनुवटी केलीत आणि म्हणालात, "तो. आला. गेला." मग उठून दूध चुलीवर ठेवलंत.

लढाई संपली आणि वर्ष उलटायच्या आत पत्र आलं. टपालवाला ते आदल्या दुपारी देऊन गेला होता. म्हणजे एक दुपार, एक संध्याकाळ आणि एक रात्र ते तुमच्यापाशी होतं, आणि तुम्ही माझी वाट बघत बसला होता. स्टेशनात इंग्रजी जाणणारे दहा जण होते. निदान पाकिटावर कुणाचा शिक्का आहे हे तरी ते सांगू शकले असते. तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. मी आले तेव्हा पाकीट फडताळावर, त्या मेरीच्या तसबिरीपुढे होतं. तुम्ही आधी दूध तापवलंत. मग पितळेच्या पेल्यात कॉफी केलीत, मलाही दिलीत. मग हात पदराला पुसून पाकीट काढलंत, चाकूनं फोडलंत, कागद उलगडून माझ्या हातात दिलात आणि नेहमीच्या जागी बसलात. काडेपेटी घेतलीत. "वाच."

ते त्याच्या अक्षरात नव्हतं. टाइप केलेलं होतं, एकच कागद. मी ते बोलले नाही. बोलायला हवं होतं का? वर पत्ता होता, मग तुमचं नाव, मग मजकूर. टाइप केलेलं वाचायला किती सोपं जातंय, हा माझा पहिला विचार. मी सुरुवात केली. पहिल्या ओळीत तीन क्रियापदं आली, तिन्ही बरोबर गेली. काडेपेटी वाजत होती. आणि माझा डोळा पुढे गेलेला होता, तुम्ही शिकवलं होतं तसा, आणि त्याला ते दोन शब्द दिसले. नेहमी तळाशी असायचे ते या वेळी ओळीच्या मधोमध होते. आणि त्यांच्यापुढे एक शब्द सोडून तो तिसरा शब्द.

अम्मा, मला कळलं. जीभ अजून मागेच होती. सहा-सात तुकडे मागे असेल, श्वास घेण्याइतका वेळ. तेवढ्यात कितीतरी करता आलं असतं. थांबता आलं असतं. अडखळता आलं असतं. कागद खाली ठेवून तुमच्या मांडीवर डोकं ठेवता आलं असतं, मी काही फार मोठी नव्हते. त्या वेळात माझ्या मनात काय आलं ते मी तुम्हाला सांगते, आणि दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. माझ्या मनात आलं की मोर-चं तोंड बंद आहे, म्हणजे आधीच्या शब्दाचा त झोपवायचा. आणि फीस-चा स मात्र सोडायचा नाही, तो पुढच्यात अडकतो. व्हो-त्र-फी-से-मोर. पाच तुकडे. पाचही बिनचूक. इतके दिवस चुकत होतं ते त्या ओळीत मला पहिल्यांदा साधलं, आणि मला आनंद झाला. तो आनंद आधी आणि त्याचा अर्थ नंतर, असं म्हणून मी स्वतःला सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. पण तसं नव्हतं. अर्थ आधीच आला होता.

काडेपेटी पाचही वेळा वाजली. पुढेही वाजत राहिली. मी शेवटपर्यंत वाचलं, खालच्या सहीसकट. त्या मजकुरातलं बाकीचं काय होतं, कुठे, कसं, कुणी लिहिलं, मला कळलं नाही. आजही त्यातल्या दोन-तीन ओळी नुसत्या आवाजानं माझ्या ध्यानात आहेत. शब्दकोश काढून त्यांचा अर्थ लावता आला असता. मी लावला नाही. तो तुमचा होता.

तुम्ही डोळे मिटले होते. म्हणालात, "परत." मी परत वाचलं, आणि दुसऱ्यांदा पहिल्याहून चांगलं वाचलं. मग तुम्ही उठलात, फडताळ चाचपून डबा काढलात आणि खडीसाखर माझ्या हातावर ठेवलीत. "शाब्बास. लय चांगला वाचला." मी ती तोंडात टाकली. रिकामी चरवी उचलली आणि रूळ ओलांडून घरी आले, आणि खडा तोंडात विरघळेपर्यंत मी रडले नाही. घरी मायेनं विचारलं, आलं होतं म्हणे पत्र, काय लिहिलंय लेकानं? मी म्हटलं, मला कुठं समजतंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात कामावर होतात. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक काढलं तर तुम्ही म्हणालात, आता काय वाचायचं? तेवढंच. कॉलनीत कुणाला काही कळलं नाही. तुम्ही आधीपासूनच पांढरं नेसायचात, त्यामुळे नेसणं बदललं नाही. कपाळ आधीपासून मोकळंच होतं. शोक दिसायला काहीतरी काढून ठेवावं लागतं, आणि तुमच्यापाशी काढायला काही उरलेलं नव्हतं. मी रोज दूध आणायचे, तुम्ही रोज कॉफी करायचात, आणि आपण दोघी त्या स्वयंपाकघरात बसायचो, ज्यातल्या एकीला वाटत होतं की दुसरीला काही ठाऊक नाही. मग तुम्ही आबांना बोलावून घेतलंत आणि मला परभणीला शाळेत घालायला सांगितलंत. आबांनी मान हलवली. ज्या बाईनं बायको परत दिली तिला नाही कसं म्हणायचं? चुलती महिनाभर धुसफुसत होती. परभणीला नात्यातल्या एका घरी राहून मी शिकले, त्याच्याच बळावर आज खाते आहे.

मग ते वर्ष आलं की लोक घरंदारं सोडून सरहद्दीपलीकडे जाऊ लागले. गाड्यांचा नेम राहिला नाही. तुमची नोकरी संपली होती आणि बहिणीनं बोलावलं होतं. मी चौदा वर्षांची, परभणीहून तुम्हाला पोचवायला आले. हैदराबादेकडची गाडी लागली होती. ट्रंक आत चढवली, वळकटी ठेवली, खिडकीपाशी तुम्ही बसलात आणि मी खाली उभी. मग तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढलात आणि विचारलंत.

"त्या दिवशी, पत्रात काय हाय, तुला कळला होता का?"

"न्हाई, अम्मा."

"खरं सांग."

"काहीच न्हाई कळलं."

तुमचा हात माझ्या गालावर होता. दिसत नसलेलं सगळं त्या बोटांना कळायचं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी चेहरा गच्च धरून ठेवला. तुम्ही थोडा वेळ बोटं तशीच ठेवलीत. मग म्हणालात, "बरं. लय बरं झालं." हात आत घेतलात. गाडी सुटली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, पण तुम्हाला कुठे काही दिसत होतं.

पुढे मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते तेव्हा कंपाउंडरांकडून कळलं, तुम्ही गेलात. बहिणीचं कार्ड आलं होतं दवाखान्यात.

इतकी वर्षं मी हे मनात फिरवत आले आहे की 'बरं झालं' म्हणजे काय. एका लेकराच्या तोंडून मरण वदवून घेतलं, हा बोजा तुम्ही वाहत होता, आणि माझ्या 'न्हाई'नं तो उतरला, असं मी पुष्कळ दिवस धरून चालले. तसं असेल तर खोटं बोलले ते पुण्यच. पण मागच्या महिन्यात पूर्णेला गाडी बदलायची होती, दोन तास होते, आणि मी तुमच्या क्वार्टरापर्यंत चालत गेले. आता तिथं कुणाचे तरी कपडे वाळत होते. दारात एक बाई तांदूळ निवडत होती, तिनं मला कोण पाहिजे म्हणून विचारलं. परत येताना वाटलं, तुम्ही विचारलंत ते कदाचित बोजा उतरवायला नव्हे. त्या ओळीच्या वेळी त्या खोलीत तुमच्याबरोबर दुसरं कुणी होतं की नव्हतं, एवढंच तुम्हाला जाणून घ्यायचं होतं. आणि मी सांगितलं, नव्हतं.

होते, अम्मा. मी होते. मला कळलं होतं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुम्ही असता तरी टाकलं नसतं. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते तुमच्याआधी त्या माणसाला कळलं असतं. ते मला नको आहे.

एकच मागणं आहे. तो कागद मला आणखी एकदा वाचू द्या. त्याच जागी बसून, तुमच्यासमोर. या वेळी मी त्या दोन शब्दांपाशी थांबेन, पुढचा शब्द म्हणणार नाही, कागद खाली ठेवेन. काडेपेटी वाजायची थांबेल आणि तुम्ही विचाराल, काय झालं? तुम्ही याला हो म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, थांबायचा नाही, वाच.